काम्पनच्या धक्क्यावर दत्ताकाका

काका, तुमच्याशी माझं एक भांडण अर्धंच राहिलं आहे. तुम्ही ते मनातून काढून टाकलंत की नुसतं बाजूला ठेवलंत, हे मला कधी कळलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. तुम्ही गावी गेल्यापासून वर्षभर दर रविवारी आपण फोनवर बोललो. मासळी, काकूंचा गुडघा, फुजैराचं ऊन, आमच्या ऑफिसातला नवा मॅनेजर, सगळं बोललो. त्या भांडणाचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही. आता मी एकटीच बोलणार आहे. तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

मंगळवारी दुपारी चहाच्या वेळी काकूंचा फोन आला. मी फुजैरातच होते, एका टँकरचे कागद पूर्ण करत होते. काकूंनी मला स्वतःहून कधी फोन लावलेला नाही, त्यामुळे नाव दिसलं तेव्हाच मी पेन खाली ठेवलं. "गेले गो," एवढंच त्या म्हणाल्या. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. जेवून ओटीवर आडवे झालात ते उठला नाहीत. कुणाला हाक मारली नाहीत, पाणी मागितलं नाहीत. मी फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या सलीमला म्हटलं, "माझे काका गेले." त्याने विचारलं, "सख्खे?" मी "हो" म्हटलं. ते खरं नव्हतं, पण खोटं बोलतेय असंही मला वाटलं नाही.

दुबईत, देऱ्यातल्या एका खोलीत तुम्ही आणि बाबा सात वर्षं राहिलात. वरच्या पलंगावर बाबा, खालच्या पलंगावर तुम्ही, आणि आजूबाजूला आणखी सहाजण. पुढे बाबांना ऑफिसची नोकरी लागली, त्यांनी आईला आणलं, मी जन्मले, आम्ही ऊद मेथाला राहायला गेलो. तुम्ही त्याच खोलीत राहिलात. धाऊंच्या धक्क्यावर लाकडी जहाजं दुरुस्त करायचात आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचात, हातात मासळीची पिशवी, कपड्यांना डांबराचा वास. मी सात वर्षांची असताना जिन्यावरून पडले आणि शाळेतल्या सवयीने इंग्रजीत किंचाळायला लागले. तुम्ही मला उचललंत आणि म्हणालात, "रडायचं तर मराठीत रड, बाय. मला कळायला हवं कुठे दुखतंय." मी रडता रडता हसले. मला जे काही मराठी येतं, त्यातलं निम्मं त्या शुक्रवारांचं आहे.

केस, आपला डच दोस्त, मिळाला तो तुमच्यामुळेच. फुजैराच्या बंदरात गाळ काढणाऱ्या जहाजावर तो इंजिनिअर होता. त्याने एक जुनी लाकडी होडी विकत घेतली होती आणि ती दुरुस्त करायला सुतार शोधत तो देऱ्याला आला. तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे येऊन सांगितलंत तेव्हा आई हसून हसून बेजार झाली होती. "नाव केस," तुम्ही म्हणालात, "आणि डोक्यावर एक नाय." त्याची भाषा डच, तुमची मराठी. दोघांच्या मध्ये हिंदी, अरबी आणि इंग्रजीचे मिळून फार तर चाळीस शब्द. आस्ते, अच्छा, यल्ला, खलास, गुड, नो गुड. तेवढ्यावर तुमची सोळा वर्षं मैत्री चालली. मी कधी मध्ये भाषांतर करायला गेले तर दोघंही माझ्याकडे असं बघायचात, जणू मी तुमचा वेळ घालवतेय.

तो निवृत्त होऊन आपल्या देशी, काम्पन नावाच्या त्याच्या नदीकाठच्या गावी गेला. दोन वर्षांनी त्याने माझ्या फोनवर एक फोटो पाठवला. त्याची तिथली जुनी होडी, पुढच्या बाजूला पाण्याच्या रेषेखाली काळी पडलेली फळी. तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात, फोटो मोठा केलात, फोन तिरका धरून पाहिलात आणि म्हणालात, "आतून गेलंय." मग त्याचा निरोप मी वाचून दाखवला. इथले लोक म्हणतात होडी मोडीत काढ. मला दत्ताचं मत हवंय. तो दहा दिवस येईल का?

तेव्हा तुमचा व्हिसा नोव्हेंबरात संपणार होता. कंपनी तो वाढवणार नव्हती. लाकडाचं काम जवळजवळ उरलंच नव्हतं, नव्या होड्या सगळ्या फायबरच्या. तुम्ही त्रेसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं इथे राहून तुम्ही विमानाने फक्त घरी गेला होतात. तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला म्हणून कळव त्याला." मी म्हटलं, "इन्शाल्ला म्हणजे हो की नाही?" तुम्ही म्हणालात, "ह्या वेळी हो."

तुमचा उजवा हात थरथरतो हे मला आधीच कळलं होतं. आमच्याकडे चहा पिताना तुम्ही पेला टेबलावर ठेवून वाकून घोट घ्यायला लागला होतात. उजवं मनगट डाव्या हातात धरून बसायचात, जणू नाडी बघताय. मी काही बोलले नाही. विमानतळावर जाताना टॅक्सीत तुम्हीच विषय काढलात. खिडकीबाहेर बघत म्हणालात, "हाताचं त्याला सांगायचं नाय. कबूल?"

मी "कबूल" म्हटलं.

पुढे जे झालं त्याच्या आधी ते गाव मला तुमच्यासोबत पुन्हा एकदा बघायचं आहे. गाडीतून उतरून आपण स्टेशनाबाहेर आलो आणि समोर एकदम नदी. गाव पलीकडच्या काठावर, एका ओळीत उभं, चर्चचे मनोरे, विटांची अरुंद घरं, आणि धक्क्याला लागलेल्या जुन्या शिडाच्या होड्यांची रांग. पुलावर मधोमध मोठाली सोनेरी चाकं. मी फोटो काढायला लागले. तुम्ही पुलाच्या कठड्यावरून खाली वाकून पाणी बघत होतात.

"नाव काय हिचं?"

"आयसेल."

"तळ किती?" तुम्ही विचारलंत.

न्यायला आलेल्या केसला मी ते इंग्रजीत सांगितलं आणि तो इतका खूष झाला की त्याने तुम्हाला पुलावरच मिठी मारली. म्हणाला, आजवर जेवढे पाहुणे आले त्यांनी चर्चची उंची विचारली. नदीची खोली पहिल्यांदाच कुणी विचारली.

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याला गाव दाखवलं. नदीकाठची ती वेस, दोन जाडजूड गोल बुरूज आणि मध्ये कमान. पूर्वी इथे धान्याचा बाजार भरायचा, तो म्हणाला. उत्तरेकडून हेरिंग, मीठ, लाकूड यायचं. शहरांच्या व्यापारी संघात ह्या गावाचा मोठा मान होता. मग नदीचं मुख गाळाने भरत गेलं. जहाजं येईनाशी झाली. व्यापार दुसरीकडे गेला. हे सांगताना तो बुरुजाच्या भिंतीला हात लावून उभा होता. "आणि मी जन्मभर दुसऱ्यांच्या बंदरातला गाळ काढत फिरलो," तो हसत म्हणाला.

मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही धक्क्याकडे बोट केलंत. तिथे एक माणूस पालथा पडून होडीच्या कडेला रंग लावत होता. "व्यापार गेला म्हणतो," तुम्ही म्हणालात. "मग हा काय करतोय?" केसला मी विचारलं. तो म्हणाला, "त्याची होडी आहे. म्हणून रंगवतोय." तुम्हाला ते उत्तर फार आवडलं. दिवसभर मधूनच आठवून हसत होतात.

आणि ते हेरिंग! केसने शेपटीला धरून, मान वर करून, आख्खा मासा तोंडात सोडला तेव्हा मी तोंड फिरवलं. तुम्ही मात्र मासळीच्या गाडीवाल्याकडून एक घेतलात, हुंगलात, दातांनी तुकडा तोडलात. "कच्चा नाय हा," तुम्ही मला समजावलंत. "मिठात मुरलाय. घाबरतेस काय?" आणि वर कांदा मागून घेतलात. त्या गाडीवाल्याने तुम्हाला दुसरा फुकट दिला.

होडी पाण्याबाहेर ओढून लाकडी ओंडक्यांवर उभी केली होती. तुम्ही आधी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्यात. बोटाच्या पेरांनी प्रत्येक फळी ठोकून कान लावून ऐकलंत, डॉक्टर छाती ठोकतात तसं. केस तुमच्या मागे मागे. शेवटी तुम्ही खडूने दोन फळ्यांवर फुल्या मारल्यात आणि बाकी सगळ्या होडीवरून हात फिरवून म्हणालात, "गुड." सत्तर वर्षांच्या माणसाचे डोळे भरून आलेले मी तेव्हा पाहिले. गावातल्या लोकांनी मोडीत काढलेली होडी तुम्ही दोन फळ्यांवर आणलीत.

ओकच्या नव्या फळीला बाक द्यायचा होता. केसने खाली जाळ केला आणि वरून ओल्या फडक्याने फळी भिजवायला लागला. तुम्ही उठून उभेच राहिलात. "अगं, हे आपल्याकडेच बघितलंय मी! माझा बाप असाच करायचा, खाडीवर, सुक्या झावळ्या पेटवून." मी भाषांतर केलं. केसने आपल्या वडिलांचा फोटो आणून दाखवला. तोही तसाच जाळापाशी उकिडवा. त्या दुपारी तुम्ही दोघं इतके आनंदात होतात की फळ्यांचे सांधे भरायला कापूस चांगला की डांबरात भिजवलेला दोर चांगला ह्यावरून तासभर भांडलात, आणि त्यात माझी गरज एकदाही लागली नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही फळी तासायला घेतलीत. तुमचा वाकस तुम्ही इथून नेला होता. कुदळीसारखं आडवं पातं, दोन पायांच्या मध्ये आपल्याच दिशेने घाव घालायचा. केस खिळे आणायला गेला होता. मी बाजूला कॉफीचे कप घेऊन उभी. पहिले दहा-बारा घाव देखणे पडले. मग हात थरथरला, पातं फळीवरून सटकलं आणि तुमच्या डाव्या बुटाच्या चामड्यात रुतलं. बूट फाटला, अंगठा वाचला. तुम्ही पाय मागे घेतलात, माझ्याकडे पाहिलंत आणि पुन्हा वाकस उचललात.

संध्याकाळी जेवताना मी बोलले. तुम्ही समोर बसला होतात, बटाटे खात होतात. मी केसला इंग्रजीत सांगितलं की दत्ताकाकांचा हात बरेच दिवस थरथरतोय, आज पाय तुटता तुटता वाचला, हे काम त्यांना करू देऊ नकोस. मला वाटलं, इंग्रजीत बोलले तर तुमच्यासमोर बोलूनही तुमच्या पाठीमागे बोलल्यासारखं होईल. तुम्हाला 'हॅन्ड' कळतं हे मी विसरले. 'शेक' कळतं, 'लेग' कळतं. चाळीस वर्षं तुम्ही साइटवर ह्याच शब्दांनी जगलात.

तुम्ही चमचा खाली ठेवलात.

"तू माझी जीभ म्हणून आलीस ना?" तुम्ही म्हणालात. आवाज चढला नव्हता. "मग मी न बोललेलं कसं काय बोललीस?"

"काका, पाय गेला असता."

"माझा पाय. माझा हात. त्याला सांगायचं की नाय, कधी सांगायचं, ते माझं. तेवढं तरी माझं असू दे की गो."

केसला शब्द कळले नाहीत, पण त्याने बाकीचं सगळं ओळखलं असावं. तो हळूच म्हणाला, फळी मी तासतो, दत्ताने नुसतं दाखवावं. मी ते तुम्हाला सांगितलं आणि जास्तच बिघडवलं. "दाखवायला आलो नाय मी," तुम्ही म्हणालात. "करायला आलो." आणि उठून गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तर तुम्ही घरात नव्हतात. फोन टेबलावर. हत्यारांची पिशवी मात्र नव्हती. मी आणि केस गल्लीबोळ फिरलो. वेशीपाशी गेलो, चर्चमध्ये डोकावलो, पूल ओलांडून स्टेशनावर जाऊन आलो. तुम्हाला गावाचं नाव सांगता आलं असतं, केसचं आडनाव नसतं आलं. मी काय काय विचार केले ते आता सांगत नाही. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. केस मला म्हणत होता, "आस्ते, आस्ते." तो शब्द त्याने तुमच्याकडूनच घेतला होता.

धक्क्याच्या पार टोकाला ठोकण्याचा आवाज येत होता. टक-टक, टक. मी तो आवाज लहानपणापासून ओळखते.

एक मोठी मालवाहू होडी पाण्याबाहेर उभी होती. तिच्याखाली निळा डगला घातलेली साठीची बाई गुडघ्यावर बसून कापसाची वात वळत होती, आणि तिच्या शेजारी तुम्ही. डाव्या हातात बोथट पटाशी, उजव्या हातात लाकडी हातोडा. दोन फळ्यांच्या सांध्यावर वात ठेवायची, पटाशी टेकवायची, ठोकायची, पुढे सरकायचं. डावा हात दगडासारखा स्थिर. उजवा हात थरथरत होता, पण हातोड्याचं तोंड रुंद, पटाशीचं डोकं रुंद. घाव चुकत नव्हता. मी किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. तुम्ही एवढ्या मोठ्या लांबीचा सांधा भरला होतात की ते काम तीन-चार तासांचं असणार.

त्या बाईने मला इंग्रजीत विचारलं, "हे तुमचे का?"

"हो."

"सकाळी सातला आले. माझ्या हातातून हातोडा काढून घेतला आणि मी चुकीचं करतेय असं खुणेने सांगितलं." ती हसली. "खरंच चुकीचं करत होते."

तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलं नाहीत. सांधा संपेपर्यंत ठोकत राहिलात. मग उठलात, गुडघे झटकलेत, आणि केसकडे बघून मला म्हणालात, "सांग त्याला. फळी त्यानं तासायची. मी खडूनं रेघ मारून देणार, रेघेच्या बाहेर गेला तर थांबवणार. सांधे सगळे मी भरणार. त्याला त्यात हात घालू देणार नाय." आणि वर म्हणालात, "जेवढं बोललो तेवढंच सांग."

मी तेवढंच सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

पुढचे पाच दिवस तुम्ही दोघांनी तसंच काम केलंत. केस तासायचा, तुम्ही ओरडायचात "आस्ते!", तो थांबायचा. तुम्ही ठोकायचात, तो कापूस वळून द्यायचा. नवव्या दिवशी होडी पाण्यात सोडली आणि मी आत उतरले तर तळातून पाणी येत होतं. नव्या फळीच्या दोन्ही कडांनी. मी किंचाळले. वर धक्क्यावर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसत सुटलात. "लाकूड तहानलेलं हाय," तुम्ही वरून ओरडलात. "पिऊ दे. फुगलं की बंद होतं आपोआप." दुसऱ्या दिवशी सकाळी तळ कोरडा होता. केसने ओल्या लाकडावर हात फिरवून तुमचा शब्द तुम्हालाच परत केला: "गुड."

मला वाटलं होतं, आता सगळं मिटलं. दुबईला उतरल्यावर तुम्ही "यल्ला, बाय, येतो" म्हणून नेहमीसारखे मेट्रोने देऱ्याला गेलात. पण नोव्हेंबरात तुम्ही गावी निघालात तेव्हा मी इथल्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. तुम्ही आला नाहीत. मी विमानतळावर त्यावरून बोलले तेव्हा तुम्ही बॅगेचा पट्टा आवळत म्हणालात, "गावाला बघू. तुला सांगायची हौस फार." आणि आत गेलात. आपण समोरासमोर बोललो ते शेवटचं वाक्य ते.

ते वाक्य मी चौदा महिने बाळगलं. रागाने नव्हे, मला खात्रीच करता येईना की मी चुकले की बरोबर होते. तुमचा अंगठा वाचला ह्यात मला शंका नाही. पण तुम्ही एक गोष्ट सांभाळायला दिली होतीत आणि मी ती सांभाळली नाही, हेही खरंच. मी माफी मागायला हवी होती, तीही अर्धी. अर्ध्या गोष्टीची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं.

परवा, तुमचं तेरावं झाल्यावर, मी काकूंना फोन केला. मला राहवलं नाही. विचारलं, "काकू, काका हाताबद्दल कधी काही बोलले का?"

"बोलले म्हणजे? दुसरं काय बोलत होते?" काकू म्हणाल्या. "आल्यावर आठ दिवसांत म्हणाले, चल चिपळूणला. मला वाटलं बाजाराला. एसटीत बसल्यावर सांगितलानी, माझा हात थरथरतो, डॉक्टरला दाखवायचाय. गोळ्या घेत होते गो रोज. घड्याळ लावून."

काका, दर रविवारी मी फोनवर होते!

"आणि पावसाळ्यात होड्या वर घेतात ना खाडीवर," काकू सांगत होत्या, "तिथं रोज जायचे. जो भेटेल त्याला आधी हेच सांगायचे. माझा हात थरथरतो, फळी तुम्ही तासा, कापूस मी भरतो. लोक हसायचे पयल्यांदा. तर म्हणायचे, मी गेलो त्या गावाचं नावच कंपन, तिथून हात तसाच आणला. मग सगळेच हसायचे. चार होड्यांचे सांधे भरले ह्या साली."

"माझ्याबद्दल काही म्हणाले का कधी?"

काकूंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाय गो. तुझ्याबद्दल असं काय नाय म्हणाले." मग म्हणाल्या, "एकदाच, त्या डॉक्टरकडे. त्यानं विचारलं, कधीपासून होतंय, तर म्हणाले, अडीच वर्षं. मी भडकलेच. म्हटलं, अडीच वर्षं लपवून ठेवलंत? तर म्हणाले, सांगायचं कसं ते माहीत नव्हतं. केतकी बोलली तेव्हा बघितलं, कसं सांगतात."

काकूंना ह्यात विशेष काही वाटलं नाही. त्या लगेच गोळ्यांच्या उरलेल्या डब्यांचं काय करायचं ते विचारायला लागल्या. मी "नंतर सांगते" म्हणाले आणि फोन ठेवून खाली समुद्रावर गेले. दूरवर तेल भरायला थांबलेली जहाजं उभी होती. मी मराठीत रडले, काका. पुष्कळ रडले, आणि मग बरं वाटलं.

केसला कळवायचं राहिलं होतं. ते काम मी तेरा दिवस पुढे ढकललं होतं. त्याच संध्याकाळी त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याच्या मागे चर्चच्या घंटा वाजत होत्या. तो "अच्छा," म्हणाला. पुन्हा एकदा, "अच्छा." मग त्याने मला सांगितलं की मे महिन्यात होडी पाण्यात जाईल आणि ह्या वर्षी तो तिला नदीतून खाली, मोठ्या पाण्यापर्यंत घेऊन जाणार आहे. गेल्या उन्हाळ्यात वरच्या बाजूचे सांधे त्याने पुन्हा भरले, पण दत्ताने भरलेल्या बाजूला त्याने हात लावलेला नाही. गरजच पडली नाही. तू ये, म्हणाला. आणि दत्ताच्या बायकोला आण. तिने ते काम बघायला हवं.

काकूंना मी फोनवर ते सांगितलं ते केवळ तुमचं कौतुक त्यांच्या कानावर घालावं म्हणून. काकू कधी रत्नागिरी जिल्ह्याच्या बाहेर गेलेल्या नाहीत. मुंबईलासुद्धा तुम्हाला आणायला कधी आल्या नाहीत. त्या हसल्याच. "मला? मी कुठं जाते गो तिकडं? कोंबड्या कोण बघणार?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं हे तिकडं काय करायचे, मला कधी धड सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "विचारलं की म्हणायचे, काम करतो. त्या एका नदीचं मात्र सांगायचे. पूल कसा, पाणी कसं, लोक मासा कसा खातात. रोज ऐकून मला पाठ झालीय ती नदी." मग त्यांना कुणीतरी दारातून हाक मारली आणि त्या "थांब हां" म्हणून फोन तसाच ठेवून गेल्या.

मी थांबले. अंगणात कोणाशी तरी बोलणं चाललं होतं, बादलीचा आवाज आला, कोंबड्या ओरडल्या. मला वाटलं विसरल्या. फोन बंद करणार इतक्यात त्या परत आल्या, धापा टाकत.

"केतकी, हायस ना? पासपोर्टला किती दिवस लागतात गो?"

मी सांगितलं, महिना-दीड महिना धरा.

"मग होईल की मेपर्यंत," त्या म्हणाल्या. "तिकडं थंडी असते ना? ह्यांचा स्वेटर हाय. तो मला होईल."